ताम्हिणीला जाताय? ब्रेक, हवा आणि परतीची वेळ

पाऊस ओसरला की दुचाकीच्या सदरात ताम्हिणीची पत्रं सुरू होतात. या वेळी आलेल्यांपैकी सहा निवडली आहेत. मायलेज आणि हॉटेलांबद्दलची बाजूला ठेवली. भूक लागेल तिथे मिसळ मिळते.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र, 150 सीसीच्या दोन गाड्या. हडपसरहून रविवारी ताम्हिणीला जाऊन त्याच दिवशी परत यायचंय. किती वाजता निघावं, पेट्रोल किती लागेल आणि घाट उतरून माणगावपर्यंत जाणं जमेल का?

हडपसर ते चांदणी चौक हे साधारण 20 किलोमीटर आणि तिथून भूगाव, पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणी गाव आणखी 50 च्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन 140. डबलसीट आणि चढ धरून लिटरला 40 मिळतील असं समजा, साडेतीन लिटर. माणगावपर्यंत गेलात तर हाच आकडा 240 किलोमीटर आणि सहा लिटरवर जातो. टाकी पुण्यात किंवा पिरंगुटला भरून घ्या. पौडच्या पुढे पंपाच्या भरवशावर राहू नका.

चांदणी चौक सहा वाजता मागे पडला पाहिजे. पिरंगुटच्या कारखान्यांचे ट्रक आणि कंपन्यांच्या बस नंतर वाढतात. पण खरी अडचण परतीची आहे. रविवारी दुपारी चारनंतर मुळशीकडून येणारी सगळी वाहनं भुकूम-भूगावच्या अरुंद पट्ट्यात येऊन तुंबतात, आणि दिवसभर गाडी चालवून थकलेला माणूस तिथे तासभर क्लच दाबत बसतो. ताम्हिणीतून अडीचच्या आत निघा. माणगाव करायचंच असेल तर ती वेगळी सहल समजा. एका रविवारात दोन्ही कोंबली की घाट परत चढताना अंधार होतो.

या रस्त्याची एक गंमत सहसा कुणी सांगत नाही. सकाळी तुम्ही पश्चिमेला जाता आणि संध्याकाळी पूर्वेला येता, म्हणजे दोन्ही वेळा ऊन तुमच्या पाठीवर. समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या मात्र दोन्ही वेळा ते थेट डोळ्यांत. तुम्हाला तो स्वच्छ दिसतो, त्याला तुम्ही दिसत नाही. जुन्या गाडीचा हेडलाइट आपोआप लागत नसेल तर दिवसाही लावून ठेवा. ओव्हरटेक करताना समोरचा थांबेल असं गृहीत धरू नका.

प्रश्न : माझ्याकडे 110 सीसीची स्कूटर आहे. मी आणि बहीण दोघी जाणार आहोत. स्कूटर घाट चढेल का? — वाचक, कोथरूड

चढेल. हळू चढेल, मागच्या गाड्या हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. तुम्ही विचारायला हवं ते उतरण्याबद्दल. गिअरच्या गाडीत दुसरा गिअर टाकला की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. स्कूटरमध्ये बेल्ट आणि सेंट्रिफ्युगल क्लच असतो. वेग फार कमी झाला की हा क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. तेव्हा सगळा भार ब्रेकवर, आणि कित्येक स्कूटरना पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेकच असतात. शिवाय चाकं 10 किंवा 12 इंची, खड्ड्यात मोठ्या चाकापेक्षा खोल बसतात.

म्हणून आमचा सल्ला असा की मुळशीचं पाणी उजवीकडे ठेवत ताम्हिणी गावापर्यंत जा, दरी वरूनच बघा आणि वरूनच मागे फिरा. घाटाच्या पायथ्याच्या विळे गावाकडे उतरणारा मोठा उतार स्कूटरवर डबलसीट करू नका. टाकी पाच लिटरची असते. काठोकाठ भरली तर कोथरूडहून जाऊन-येऊन सहज पुरते. सीटखाली सामान कोंबाल तर पाण्याच्या बाटल्या आणि जड वस्तू तळाशी ठेवा. हँडलला पिशवी लटकवू नका, वळणावर ती हँडलला एका बाजूला ओढते. ओढणी असेल तर जॅकेटच्या आत घट्ट खोचून घ्या. मागच्या चाकात ओढणी जायला एक क्षण पुरतो.

प्रश्न : गेल्या वेळी घाट उतरताना पुढचा डिस्क ब्रेक एकदम मऊ झाला, लिव्हर हँडलला टेकला. थोडं थांबल्यावर परत नीट. मेकॅनिक म्हणतो काहीच बिघाड नाही. मग झालं काय?

ब्रेक ऑइल उकळलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि जितकं पाणी जास्त तितका उकळण्याचा बिंदू खाली येतो. सतत ब्रेक धरून उतरताना डिस्क, पॅड आणि पॅडना डिस्कवर दाबणारा कॅलिपर तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते आणि त्यातल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून तुमचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात गेला आणि पॅडपर्यंत काहीच पोचलं नाही. थंड झाल्यावर वाफेचं परत पाणी होतं, त्यामुळे गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ब्रेक शहाण्यासारखा वागतो. मेकॅनिक खोटं बोलत नाही, त्याला तो आजार दिसतच नाही.

उपाय सोपा आहे. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर डॉट 3 की डॉट 4 (ऑइलचा प्रकार) लिहिलंय ते पाहून तेच ऑइल, सीलबंद नव्या बाटलीतलं, दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. अर्धवट वापरून महिनोन्महिने ठेवलेली बाटली नको. वरून नुसतं भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे. कॅलिपरच्या निपलमधून जुनं काढावं लागतं. ऑइल चहासारखं काळसर दिसत असेल तर दोन वर्षांची वाट पाहू नका.

ड्रम ब्रेकचं दुखणं वेगळं. तिथे लिव्हर किंवा पेडल नेहमीसारखं कडक लागतं, पण गाडी थांबत नाही आणि करपल्याचा वास येतो. ड्रमला आतून घासणारे लायनर तापून गुळगुळीत झालेले असतात. अशा वेळी थांबा, 15–20 मिनिटं निवू द्या. तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर पाणी ओतायची हौस अनेकांना असते. डिस्क वाकते आणि ड्रमला तडा जाऊ शकतो. उलट ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी शिरलेलं असतं, तेव्हा शंभर-दोनशे मीटर ब्रेक हलका दाबत सुकवून घ्यायचा.

उतरायची रीत जुनी आणि पक्की: ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवा, मग पूर्ण सोडा. मधल्या काळात त्यांना वारा लागतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्यांसाठी एक बातमी: फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल जवळजवळ बंदच करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला त्याला पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये ब्रेकही जळतात आणि पेट्रोलही.

प्रश्न : वाटेत पंक्चर झालं तर स्वतः काढता येईल का? गाडी ट्यूबलेस आहे. किट विकत घेतलंय, पण कधी वापरलं नाही.

येईल, पण पहिल्यांदा घरी जुन्या टायरवर करून बघा. घाटात कडेला उभं राहून पहिला प्रयोग करू नका. सोबत पक्कड, ब्लेड आणि हातपंप हवा. किटमधले छोटे गॅस सिलिंडर एकदाच चालतात, हातपंप कितीही वेळा.

गाडी वळणापासून दूर, सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. चाक फिरवून खिळा शोधा आणि काढायच्या आधी तो कोणत्या कोनात घुसलाय ते बघून ठेवा, कारण बाकीचं सगळं त्याच कोनात करायचंय. खिळा पकडीने ओढा. किटमधली कानसासारखी खरबरीत सळई त्याच भोकात घालून 8–10 वेळा वर-खाली करा. इथे अंगातली ताकद लागते आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. भोक नीट खरवडलं नाही तर किटमधली रबरी पट्टी त्यात बसत नाही. पट्टी सुईच्या डोळ्यातून अर्धी ओवा, रबर सोल्यूशन लावा आणि साधारण दीड सेंटिमीटर टोकं बाहेर राहतील इतकी आत ढकला. मग सुई एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. पीळ देऊन ओढली तर पट्टी सुईसोबत बाहेर येते. उरलेली टोकं 3–4 मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा आणि वर थुंकी किंवा साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला नाही की झालं.

कट टायरच्या बाजूच्या भिंतीवर असेल तर पट्टी लावू नका, ती टिकत नाही. आणि तारांच्या चाकाच्या गाड्यांना बहुधा आत ट्यूब असते, तिथे हे किट निरुपयोगी.

निघण्याआधी हवा थंड टायरमध्ये तपासा. 125–150 सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे 25, मागे एकट्यासाठी 28 आणि डबलसीटला 32–33 पीएसआय लागते, तरी तुमच्या गाडीच्या स्टिकरवरचा आकडाच खरा.

प्रश्न : पावसात ताम्हिणीला जावं का? सगळे जातात. — वाचक, चिंचवड

सगळे जातात म्हणूनच आम्हाला जून-जुलै आवडत नाही. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीत 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहराला वर्षभरात मिळतो त्याच्या तीन चतुर्थांश. अशा दिवशी दगड रस्त्यावर येतात आणि ओढ्याचं पाणी तासाभरात चढतं. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे आणि धोक्याच्या जागांवर बंदी घालतं, तो आदेश निघण्याच्या आदल्या रात्री बघा. डोंगर कापलेल्या कड्याखाली फोटोसाठी गाडी लावू नका.

तरी निघालातच तर दोन तुकड्यांचा रेनकोट घ्या. झग्यासारखा पोंचो वाऱ्यात फुगतो आणि चेनमध्ये जातो. पँटचा रेनकोट बुटाच्या बाहेरून खाली सोडा, आत खोचला तर पाणी थेट बुटात. हेल्मेटच्या काचेवर वाफ धरत असेल तर आतून द्रव साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या कापडाने पुसा. काळी काच नको, झाडांच्या सावलीत शेवाळलेला रस्ता तिच्यातून दिसत नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि कुजकी पानं या दोन्हींवर वळण घेताना ब्रेक लावू नका.

जंगल बघायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला. रस्ता कोरडा, रान हिरवं. हे अभयारण्य आहे, 2013 मध्ये जाहीर झालेलं, त्यामुळे चूल, स्पीकर आणि माकडांना वेफर्स तिन्ही नको. मोबाइलची रेंज जागोजागी जाते. परतीची वेळ घरी सांगून निघा. मदतीचा नंबर 112.

प्रश्न : पावसातून आल्यावर चेन कुरकुर करते. पेट्रोलने धुऊ का?

नको. ओ-रिंगच्या चेनमधले रबर पेट्रोलने खराब होतात. केरोसीन आणि मऊ ब्रशने चिखल काढा, कोरडी पुसा, मग 90 नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब चेनच्या आतल्या बाजूने लावा, म्हणजे फिरताना ते बाहेरच्या दिशेने पसरतं. गाडी थोडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना लावलं तर चांगलं मुरतं. खालच्या बाजूची चेन मध्यावर वर-खाली 20–30 मिलिमीटर हलली पाहिजे. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. इंजिन बंद ठेवा आणि चाक हातानेच फिरवा. गिअरमध्ये टाकून इंजिनवर चाक फिरवत चेन पुसण्याची पद्धत गल्लोगल्ली दिसते; कापड स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, अडकलं की त्यासोबत बोटं जातात.