चित्रकथेतील पात्र आणि त्यामागचा माणूस
चित्रकथेतील पात्राची भूमिका प्रथमच मिळाली की नटाचे लक्ष पोशाखाकडे आणि अचाट शक्तीकडे वेधले जाते. तुम्ही मात्र आधी 'द इन्क्रेडिबल हल्क' या अमेरिकी मालिकेतील बिल बिक्सबी यांचा अभिनय बारकाईने पाहावा, असे मी आग्रहाने सुचवेन. १९७७ ते १९८२ या काळात सीबीएस वाहिनीवर दिसलेल्या या कथेत संताप अनावर झाला की डॉक्टर डेव्हिड बॅनरचे हल्क या हिरव्या, अचाट शक्तीच्या प्राण्यात रूपांतर होते; हल्क लू फेरिग्नो यांनी साकारला, तर त्याच्यामागचा बॅनर बिक्सबी यांनी.

बॅनरची पत्नी मोटार अपघातात मरते आणि त्याला तिला गाडीतून बाहेर काढता येत नाही. याच असहायतेतून त्याचे संशोधन आणि पुढचा सारा अनर्थ घडतो, आणि बिक्सबी हे दुःख एका प्रसंगात संपवून टाकत नाहीत, तर अनोळखी माणसाशी बोलतानाच्या त्यांच्या सौम्य, किंचित सावध स्वरातही ते जाणवत राहते. म्हणूनच त्याचा संताप पाहताना आपल्याला त्याची काळजी वाटते. फेरिग्नो यांनाही दुर्लक्षू नका. संवाद नसताना, रंगाच्या थराखालून, केवळ डोळ्यांनी त्यांनी गोंधळ आणि करुणा दाखवली आहे, आणि माझ्या मते ते अधिक कठीण काम आहे.

तालमीत रूपांतराचा प्रसंग रंगभूषेशिवाय करून पाहा. पात्राने काय गमावले आहे, हे निश्चित झाल्यावरच आवाज चढवा, आणि भानावर आल्यानंतरच्या शरमेला क्रोधाइतकाच वेळ द्या.