वाचक विचारतात : पुरणयंत्राला स्प्रे मारू का?

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. शाळेत बेस्ट आउट ऑफ वेस्ट होतं, तर ह्याने सासूबाईंचं जुनं पुरणयंत्र उचललं, ताटात रवा पसरला, त्यावर ते उभं केलं आणि म्हणाला हे चांद्रयान! बाई म्हणाल्या नुसतं आणून ठेवलंयस, रंग तरी द्यायचा, चमकी तरी लावायची. नंबर गेला. आता सिल्व्हर स्प्रे मारायचा म्हणून हटून बसलाय आणि सासूबाई म्हणतात हात लावून तर बघ. ह्यात खरंच कला वगैरे असते का हो ताई?
— एक आई, सांगली

उत्तर : मी सासूबाईंच्या बाजूने. स्प्रे अजिबात नको, एकतर पुरणाला ते कायमचं बाद होईल आणि दुसरं म्हणजे ते पुरणयंत्र आहे हे दिसतंय म्हणूनच तर गंमत आहे ना. विक्रम लँडरला पाय चार होते आणि यंत्राला असतील तीन, पण बघणाऱ्याला आधी पुरणपोळी आठवते, मग चंद्र दिसतो आणि मग दोन्ही एकदम दिसायला लागतात, तिथेच हसू येतं. रंग दिलात की उरतं फक्त खोटं यान.

पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं, संपलं! वर काही लपवलं नाही. पुढे त्याचं ब्राँझ ओतलं, पण मला विचाराल तर तिथे मजा थोडी गेलीच, कारण सीटचं चामडं चामडं राहिलं नाही. चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्यांच्या बाया केल्यात, जवळ गेलं की बांगडी न् बांगडी ओळखू येते. हा माणूस पीडब्ल्यूडीत रोड इन्स्पेक्टर, सरकारी जागेवर कितीतरी वर्षं गुपचूप हे चाललेलं, लोकांसाठी बाग उघडली ती १९७६ मध्ये.

मुलाला मात्र जपानचा फोटोग्राफर तानाका तात्सुया दाखवा, २० एप्रिल २०११ पासून रोज एक फोटो टाकतोय. ब्रोकोलीचं झाड, ब्रेडचा डोंगर असलं काहीतरी आणि शेजारी बोटाच्या पेराएवढी माणसं. ती माणसंच सगळं काम करतात बरं का! माणूस छोटा ठेवला की ब्रोकोली आपोआप झाड होते, तिला काही करावं लागत नाही. तर रव्यावर एक इवलासा माणूस ठेवा, खोलीत अंधार करून बाजूने, ताटाच्या अगदी थोडं वरून टॉर्च मारा म्हणजे रव्यातल्या खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतील, आणि मोबाइल अगदी ताटाच्या काठाला टेकवून फोटो काढा, वरून नको, वरून काढलात तर ते स्वयंपाकघरातलं ताटच दिसणार.

प्रश्न : सुबोध गुप्ता स्टीलची भांडी रचतात आणि त्याला कला म्हणतात, मग आमच्या मांडणीला का नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मांडणी छानच असते हो. पण त्यांनी बादल्या, तांबे, ताटांची कवटी केली, अणुबॉम्बचा ढग केला. जेवायच्या भांड्यांतून तो ढग वर येताना बघितला की पोटात गोळा येतो. तुमच्या मांडणीकडे बघून भूक लागत असेल, तो वेगळा विषय.

आणि सांगलीच्या ताई, फोटो नक्की पाठवा, फक्त होळीच्या आत यंत्र सासूबाईंना परत मिळू द्या.