वारी नसताना पंढरपूर पाहायला एक दिवस पुरतो का?

पुरतो, पण एकादशी आणि सुट्टीचा दिवस टाळा. रेल्वेने येणार असाल तर कुर्डूवाडी जंक्शनला उतरून पुढे एसटी मिळते. सोलापूरहून साधारण ७० किलोमीटर.

पदस्पर्श दर्शनाची रांग लांबते. घाई असेल तर मुखदर्शन घ्या. पण विठोबाच्या पायावर डोकं टेकता येतं हीच इथली खरी गंमत, त्यामुळे मी तरी रांगेतच उभा राहीन. आत शिरताना नामदेव पायरीवर पाय पडू देऊ नका. समोरच चोखोबांची समाधी आहे. ज्यांना हयातीत देवळात येऊ दिलं नाही, ते बाहेर उंबरठ्यासमोर विसावलेत. तिथे दोन मिनिटं थांबाच. दलितांना मंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली इथेच उपोषण केलं होतं.

संध्याकाळी ऊन उतरलं की चंद्रभागेच्या वाळवंटात जा, पुंडलिकाचं देऊळ तिथेच. नदी खरं तर भीमाच, वळण चंद्रकोरीसारखं म्हणून हे नाव. पाणी मात्र दरवेळी स्वच्छ असेलच असं नाही. परतताना बुक्का, चुरमुरे आणि तुळशीची माळ घ्या. माळेचा भाव दोन दुकानांत विचारून मगच.