खत कुंडीला द्यायचं, पेटीला नाही

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा: रावेरला घरी ब्रॅकीपेल्मा हॅमोरी या टॅरंट्युला जातीच्या मोठ्या केसाळ कोळ्याची मादी आहे, तिच्या काचेच्या पेटीत मनीप्लांट लावलाय, पानं पिवळी पडताहेत आणि केळीच्या ठिबकमधून सोडायचं १९:१९:१९ हे विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच) घरात पडलेलंच आहे. त्यातलं चिमूटभर पेटीतल्या मातीत टाकलं तर चालेल का?

नाही चालणार. आणि त्या मनीप्लांटला खत हवंय, हेच मला अजून पटलेलं नाही.

आधी पान नीट बघ. दोन पानांमधलं अंतर वाढलंय, नवीन पान लहान आणि फिकट येतंय, तर उजेड कमी पडतोय. देठाशी हात लावला की पान गळून येतं आणि मातीला कुबट वास आहे, तर मुळं सडताहेत. टोकं तपकिरी करपली असतील तर क्षार. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने ठिबकचे ड्रिपर कसे पांढरे होऊन बसतात आणि मग ॲसिड सोडावं लागतं, हे तुला सांगायला नको. तेच पाणी तू पेटीत घालतोस. पेटीला खाली भोक नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की पाणी उडून जातं आणि क्षार मातीतच राहतो. काचेला लागून मातीच्या कडेला बोटाने खरवडून बघ, पांढरी पापडी निघाली तर तुझं उत्तर तिथेच आहे. विद्राव्य खत म्हणजे शेवटी क्षारच. शेतात पावसाने तो खाली धुऊन जातो, कुंडीत भोकातून निघतो, पेटीत कुठे जाणार?

नत्राचं म्हणशील तर ते पेटीत आधीच थोडंफार आहे. टॅरंट्युलाची पांढरी विष्ठा मुख्यतः ग्वानीन असते, त्यात नत्र असतो. खाल्लेल्या रातकिड्यांचे उरलेले चोथेही कुजतात. एका मनीप्लांटला एवढ्यावर बराच काळ निघतो.

आता १९:१९:१९ च का नको. हा प्राणी बीळ उकरताना माती तोंडाजवळच्या अवयवांनी उचलून बाहेर आणून टाकतो. म्हणजे खताचा दाणा थेट तोंडाशी. पाण्याच्या वाटीत खत विरघळलं तर तो तेच पितो, आणि पानांवर फवारलंस तर पानावरचे थेंबही पितो. युरिया तर लांबच ठेव. ओल्या गरम मातीत त्याचा अमोनिया होतो, बंद पेटीत तो कोंडतो, आणि कोळ्याची पुस्तक-फुप्फुसं, म्हणजे वहीच्या पानांसारख्या थरांचे श्वासाचे अवयव, पोटाखाली, मातीपासून बोटभर अंतरावर. झाकण उघडल्यावर गोठ्यासारखा वास आला तर विचार करत बसू नकोस, प्राणी आधी बाहेर काढ. मातीत स्प्रिंगटेल (बुरशी खाणारे बारीक किडे) सोडले असतील तर क्षाराने आधी ते मरतील, मग बुरशी वाढेल.

"सेंद्रिय दिलं तर?" हे तू पुढे विचारशीलच. गांडूळखत पूर्ण मुरलेलं, चाळलेलं असेल तर त्यातल्या त्यात बरं, पण त्यातून माइट (डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक जीव) येतात. ताजं शेण अजिबात नको. सगळ्यात जपायचं ते निंबोळी पेंडीला. नर्सरीच्या तयार मातीत ती सर्रास मिसळलेली असते. तिच्यातलं ॲझाडिरॅक्टिन किडीच्या कात टाकण्याच्या संप्रेरकात अडथळा आणतं, त्यासाठीच तर ती शेतात वापरतात. कोळ्याची कातही त्याच जातीच्या संप्रेरकावर चालते. हा धोका घ्यायचं काहीच कारण नाही. केळीच्या खड्ड्यातली किंवा कपाशीच्या वावरातली माती तर पेटीत आणायचीच नाही. दाणेदार कीटकनाशकं आणि इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारी) कीडनाशकं मातीत आणि झाडात महिनोन्महिने राहतात. तिथलं पान रातकिड्याने खाल्लं आणि रातकिडा टॅरंट्युलाने, मग काय!

मग करायचं काय? मनीप्लांट मुळांसकट काढ, मुळं साध्या पाण्यात धू, सडलेली कापून टाक. धुतलेल्या कोकोपीटमध्ये लहान, भोक असलेल्या प्लास्टिकच्या कुंडीत लाव आणि ती कुंडी पेटीच्या मातीत काठापर्यंत पूर. पेटीत कोणाला दिसणारही नाही. पाणी फक्त कुंडीतच घाल, जमल्यास आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं. यात आणखी एक फायदा आहे. हॅमोरी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या, हालिस्को-कोलिमा भागातल्या कोरड्या जंगलातली, तिला कोरडी जमीन हवी आणि मनीप्लांटला ओल. कुंडीमुळे ते भांडण मिटतं. एक कोपरा ओला, बाकी पेटी कोरडी.

खत द्यायचंच असेल तर कुंडी बाहेर काढून दे. फवारणीला लिटरला पाच ग्रॅम घेतात, तू अर्धा ग्रॅम घे. खालून पाणी निथळेपर्यंत ओत, दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने धुऊन काढ, आठवडाभर बाहेर ठेवून मग आत ठेव. वाढीच्या दिवसांत दोन महिन्यांतून एकदा पुरे. पॉलिमरचं वेष्टन असलेले सावकाश सुटणारे खताचे मणी वापरू नकोस, उष्णतेने ते लवकर सुटतात आणि आपल्याकडचा उन्हाळा काय असतो ते माहीत आहेच. कुंडी काढताना हातमोजे आणि चष्मा घाल. ब्रॅकीपेल्माचे खाजरे केस मातीतही पडलेले असतात, डोळ्यात गेले की रात्रभर झोप नाही. ती कात टाकायच्या बेतात असेल, किंवा नुकतीच टाकून अंग मऊ असेल, तर पेटीला हातच लावू नकोस, झाड दोन-तीन आठवडे पिवळं राहिलं तरी चालेल.

खत आधीच टाकून बसला असशील तर माती सगळी बदल, वरवर खरवडून उपयोग नाही. पाय थरथरताहेत, चालताना झोक जातोय असं दिसलं तर तिला ओल्या टिश्यूच्या स्वच्छ, हवेशीर डब्यात ठेव, बाजूला पाण्याची वाटी दे आणि वाट बघ. यावर औषध नाही.

जाता जाता, ब्रॅकीपेल्मा सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, ती केली नसेल तर बघून घे. आणि कुंडी बदलल्यावर नव्या पानाचा फोटो टाक. जुनी पिवळी पानं हिरवी होणार नाहीत, ती सरळ कापून टाक.