‘माझा विश्वास आहे, पण खातरी वाटत नाही’

एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे : “कठीण काळातून जाणारी एक ख्रिस्ती व्यक्ती म्हणाली, ‘माझा प्रभूवर विश्वास आहे, पण तारणाची, म्हणजे देवाने पापातून सोडवल्याची, खातरी वाटत नाही.’ हे वाक्य स्वतःलाच खोडत नाही का? विश्वास म्हणजेच खातरी ना? आणि मनात संशय आला, की विश्वास गेला असे म्हणायचे का?”

वाक्य शुद्ध आहे, आणि माझ्या मते अतिशय प्रामाणिकही. फरक शोधायचा तर नामांपेक्षा क्रियापदांकडे बघावे. विश्वास आपण ‘ठेवतो’, ‘टाकतो’. खातरी ‘वाटते’, ‘पटते’, ‘होते’. ‘मी विश्वास ठेवला’ यात मी कर्ता आहे. ‘मला खातरी पटली’ यात काहीतरी माझ्यापर्यंत येऊन पोचले आहे. जे माझ्यापर्यंत अजून आलेले नाही, त्याची वाट बघत असतानाही मी विश्वास ठेवू शकते. मराठी बोलणारा माणूस हा भेद रोज पाळतो. धर्माच्या संदर्भात मात्र तो अचानक विसरला जातो आणि खातरी न वाटणारी माणसे स्वतःला अविश्वासी ठरवून बसतात. याचे मला फार वाईट वाटते.

संशयाचेही तसेच आहे. संशय ‘येतो’ आणि संशय ‘धरला’ जातो. येणे आपल्या हातात नसते. पाण्यावरून चालताना वारा पाहून भ्यालेल्या, बुडू लागलेल्या पेत्र या आपल्या शिष्याला येशू विचारतो, “तू संशय का धरलास?” मराठी बायबलमधले हे ‘धरणे’ मला नेमके वाटते. शिवाय क्रम पाहा : आधी येशूने हात पुढे करून त्याला धरले, प्रश्न नंतर विचारला. इथले मूळ ग्रीक क्रियापद ‘दिस्ताझो’, म्हणजे दोन बाजूंत घुटमळणे. नव्या करारात ते फक्त दोनदा येते, दोन्ही वेळा मत्तयाच्या शुभवर्तमानात. दुसरी जागा अगदी शेवटी आहे : मरणातून उठलेल्या येशूला पाहून शिष्य नमन करतात आणि त्यांच्यातले काही घुटमळतात. येशू त्यांना वेगळे काढत नाही. सगळ्या राष्ट्रांत जाण्याची आज्ञा त्या सगळ्यांनाच मिळते.

आता हरकत येईल नव्या करारातल्याच ‘इब्री लोकांस पत्रा’ची. ११व्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत विश्वासाची ओळख ‘भरवसा’ आणि ‘खातरी’ या शब्दांनी करून दिली आहे. मग खातरीशिवाय विश्वास कसला? पण तिथे ग्रीक शब्द आहेत ‘हुपोस्तासिस’ आणि ‘एलेंखोस’. पहिल्याचा मूळ अर्थ खाली उभा असलेला आधार, दुसऱ्याचा पुरावा. मनाला आत्ता किती निश्चिंत वाटते आहे, याचे मोजमाप त्यांत नाही. त्याच अध्यायात पुढे अब्राहाम येतो, आपण कुठे जात आहोत हे ठाऊक नसताना निघालेला.

विश्वासासाठी हिब्रूत येणारा ‘एमुना’ हा शब्द तर याहून बोलका आहे. ‘आमेन’ त्याच धातूचा. अर्थ स्थिर, पक्के असणे. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात तो इस्राएल लोकांचा नेता मोशे याच्या हातांसाठी वापरला आहे. लढाई चालू असताना हात वर धरून धरून मोशे थकतो, तेव्हा अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरतात आणि ते सूर्यास्तापर्यंत ‘एमुना’, म्हणजे स्थिर, राहतात. तो स्थिरपणा मोशेच्या एकट्याच्या बळाचा नव्हता. स्वतःला प्रार्थनाही सुचेनाशी झाली असेल, तर दुसऱ्यांनी आपल्यासाठी केलेली प्रार्थना विश्वासाच्या बाहेरची समजू नये, असे मी या शब्दावरून म्हणेन.

‘खातरी’ मुळात अरबी ‘खातिर’वरून आलेली, खातिर म्हणजे मन. ‘खातरजमा’ आज आपण पडताळणीसाठी वापरतो, पण फारसीत त्याचा भाव विखुरलेले मन गोळा होणे, चित्त शांत होणे असा होता. मन गोळा व्हायला वेळ लागतोच. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायचा राहिला होता, अशा आशयाचे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले. मनाची ती शांती त्यांना काही वर्षांनी लाभली. १६४६च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीतही, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथातल्या एका श्रद्धा-निवेदनातही, खऱ्या विश्वासणाऱ्याला खातरीसाठी दीर्घ काळ थांबावे लागू शकते, असे मान्य केले आहे. सगळ्या ख्रिस्ती परंपरा हा भेद इतका स्पष्ट करत नाहीत. काही जण खातरीला विश्वासाचाच भाग मानतात. पण योहानाचे पहिले पत्र, अध्याय ५, वचन १३ वाचावे : जे आधीच विश्वास ठेवतात, त्यांना आपल्याला सार्वकालिक जीवन आहे हे ‘कळावे’ म्हणून ते लिहिले आहे. म्हणजे विश्वास ठेवणाऱ्यालाही हे कळायचे राहिलेले असू शकते.

म्हणून अशा माणसाविषयी बोलताना ‘त्याचा विश्वास उडाला’ म्हणू नये. ‘त्याला खातरी वाटेनाशी झाली आहे’ म्हणावे. आणि त्याने स्वतः काय म्हणावे, तर मार्काच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायातल्या, मुलाला बरे करण्यासाठी येशूकडे आलेल्या, आजारी मुलाच्या बापाचे शब्द तयारच आहेत. माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालव, या दोन्ही गोष्टी तो एका दमात बोलतो. त्याचा मुलगा बरा झाला.