दाखवलं सगळ्यांना, सांगायचं होतं एकीला

पत्र : ताई, मी ४९ वर्षांची, नागपुरात मानेवाड्यात राहते. सकाळचे तर्री-पोहे, गच्चीवरची जास्वंद, फुटाळा तलावावरचा सूर्यास्त, सगळं व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवते. मग कोणी कोणी पाहिलं ते उघडून बघत बसते. नवरा म्हणतो, "तू बातमीदारच व्हायला पाहिजे होतीस." बारावीतल्या मुलीचा डोक्याला तेल चोपडून अभ्यास करतानाचा फोटो टाकला, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी दिखावा करते का? लोक आपलं रोजचं जगणं असं का दाखवतात?
– मानेवाड्याची थोरली

ता. क. धाकटी बहीण तीन वर्षांपासून बोलत नाही. महाल भागातलं आईचं घर विकलं तेव्हा आईच्या पितळी गंजावरून, म्हणजे पातेल्यावरून, आमचं वाजलं. गंज तिनं नेला. पण माझं प्रत्येक स्टेटस ती बघते. यंदा मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीचा व्हिडिओ टाकून मी खाली लिहिलं, "आमच्या घरातली इडापिडाही घेऊन जा गे मारबत." तिनं पाच मिनिटांत पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिच्या स्टेटसला तोच गंज, घासून लख्ख केलेला, आणि त्यात पाटवडीचा रस्सा.

उत्तर :

थोरलीबाई, तुम्ही ताजा कलम आधी लिहिला असता तर वरचं पत्र लिहायची गरजच पडली नसती. पण प्रश्न विचारलाय, तर आधी त्याचं बोलू.

दिखावा म्हणाल तर थोडाफार असतोच, आणि असला तर असू द्या. पण नुसता दिखावाच करायचा तर माणूस पोह्यांचा फोटो कशाला टाकेल? नागपुरात पोहे कोणाला नवे आहेत? दिखाव्याला गाडी लागते, विमानतळ लागतो. तर्रीचा तवंग दाखवणाऱ्या बाईला वेगळं काहीतरी हवं असतं. आज सकाळी मी होते, हे खाल्लं, बरं वाटलं, एवढं कोणाच्या तरी कानावर घालायचं असतं.

स्वतःबद्दल सांगण्यातच माणसाला सुख आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या डायना तामिर आणि जेसन मिचेल यांनी २०१२ साली याचा अभ्यास मांडला होता. स्वतःबद्दलच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं की दुसऱ्याबद्दलच्या, हे निवडायला सांगितलं आणि निवडीप्रमाणे थोडे थोडे पैसे देऊ केले. लोकांनी स्वतःबद्दल बोलायला मिळावं म्हणून मिळू शकणाऱ्या पैशांतले सरासरी १७ टक्के सोडून दिले. खाऊपिऊने किंवा पैशाने मेंदूचे जे भाग सुखावतात, तेच या बोलण्यानेही जागे होताना दिसले. तेव्हा नवऱ्याला सांगा, बातमीदाराला पगार मिळतो, इथे लोक पदरचे पैसे सोडतात.

स्टेटसमध्ये मात्र आणखी एक गंमत आहे. २०१७ पासून ते फोटो-व्हिडिओचं झालं आणि २४ तासांत आपोआप पुसलं जायला लागलं. उद्या राहणारच नाही म्हटल्यावर काहीही ठेवायला हात कचरत नाही. शिवाय ते खास कोणाला पाठवलेलं नसतं. फोन केला आणि पलीकडून उचललाच नाही, तर जिवाला लागतं. स्टेटसला तो धोकाच नाही. बंगळुरूला नोकरी करणारा मुलगा कँटीनच्या थाळीचा फोटो टाकतो, आई बघते, पोरगं जेवलं म्हणून निर्धास्त होते आणि दोघांनाही "कसा आहेस, बरी आहेस" करावं लागत नाही. बऱ्याच घरांचं यावर छान चाललंय. मला त्यात वाईट काही दिसत नाही.

तुमचं मात्र तसं चाललेलं नाही. तुमच्या यादीत भिशीच्या बायका आहेत, सोसायटीतल्या आहेत, सासरचे-माहेरचे आहेत, आणि सबंध पत्रात पाहणारी म्हणून उल्लेख एकीचाच आहे. ती पाच मिनिटांत बघते हेही तुम्हाला ठाऊक आहे. यादी तुम्ही कोणासाठी उघडता, ते मी सांगायला नको.

आणि ती? मेसेज वाचल्याच्या निळ्या टिका बंद केल्या असत्या तर तिनं पाहिल्याचं तुम्हाला कळलंच नसतं. तिनं त्या चालू ठेवल्यात. त्या बंद केल्या की आपलं स्टेटस कोण बघतं हे आपल्यालाही दिसत नाही, म्हणून असेल. म्हणजे तिलाही तुमचं नाव तिच्या यादीत बघायचंय. गंज घासून त्यात रस्सा कोणासाठी केला होता, बापा?

तुम्ही दोघी बोलताच आहात, फक्त अख्ख्या गोतावळ्यासमोर आणि टोमण्यांत. मारबतीचं तुमचं वाक्य मला आवडलं नाही, स्पष्ट सांगते. काळी-पिवळी मारबत निघते, बडग्यांचे पुतळे निघतात, तेव्हा सगळं शहर मिळून महागाईच्या नावानं, रोगराईच्या नावानं ओरडतं. तुम्ही ती मारबत एका बाईच्या दारात नेऊन उभी केलीत. तुमच्या मावश्यांनी त्याचे स्क्रीनशॉट एकमेकींना पाठवले नसतील, तर मी हा स्तंभ बंद करते.

आता करायचं काय? स्टेटस बंद करू नका. पोहे, जास्वंद, फुटाळा चालू द्या. बहिणीसाठीचं मात्र तिथे नको. तिच्या गंजाच्या फोटोला खालून उत्तर दिलं असतं तर ते फक्त तिला गेलं असतं. अजूनही तिला सरळ मेसेज करता येतो. माफीबिफी, घर, हिस्सा, गंज, यातलं काही काढू नका. थंडीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की विचारा, "सांभारवडीच्या सारणात आई खसखस किती घालायची गं? आणि पारीला आतून चिंचेचा कोळ लावायची तो गूळ घालून की नुसता?" याचं उत्तर अख्ख्या नागपुरात एकटी तीच देऊ शकते. मोठ्या बहिणीनं विचारलेल्या स्वयंपाकाच्या प्रश्नाला उत्तर न देणं बाईमाणसाला फार जड जातं.

नाही दिलं, तर महिनाभर थांबा आणि एकदा फोन करा. तोही नाही उचलला, तर तिला अजून वेळ हवाय असं समजा. पण मग तिच्या नावचे टोमणे स्टेटसला नकोत, आणि दिवसातून एकदाच यादी उघडायची.

एका बाबतीत मी तुमच्या लेकीच्या बाजूनं आहे. पोहे तुमचे, जास्वंद तुमची, तेल लावलेलं डोकं तिचं. तो फोटो तिच्या मैत्रिणींच्या आयांनी पाहिला, म्हणजे मैत्रिणींनीही पाहिलाच. १७-१८ व्या वर्षी हे साधं नसतं. तिला "चुकलं" म्हणा, आणि यापुढे तिचा फोटो तिला विचारूनच टाका. निकालाच्या दिवशी तर आधी तिला विचारा, मग टक्के लिहा. कमी पडले तर पेढ्यांचाही फोटो नको.
– ताई