नाताळच्या सुट्टीत सिंधुदुर्गात जातोय. तिथले हिवाळ्यातले सण, जत्रा, कार्यक्रम कोणते बघावेत?

तुम्ही लिहिलंय की पाच दिवस आहेत, सोबत सहा आणि अकरा वर्षांची मुलं, मालवण-तारकर्ली आधीच झालंय, आणि आता तिथले हिवाळी उत्सव तारखांसह हवेत. तारखांची यादी मी देणार नाही, आणि दुसऱ्या कुणी दिली तरी तिच्या भरवशावर गाडी ठरवू नका. मी कुडाळ तालुक्यातला. वीस वर्षं मुंबईत चाकरमानी म्हणून काढली आणि आता पुन्हा गावी राहतो. तरी शेजारच्या गावचा काला, म्हणजे जत्रा, कधी, हे मलाही फोन करूनच विचारावं लागतं.

कारण इथल्या जत्रा तिथीवर चालतात. सावंतवाडी तालुक्यातल्या सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेला लागून येते. ही पौर्णिमा २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये ५ नोव्हेंबरला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे थेट २४ नोव्हेंबरला. म्हणजे गेल्या वर्षीची तारीख बघून कोणी रजा टाकली तर रिकामं देऊळ बघून परत. माझ्या पुण्याच्या मित्रांच्या बाबतीत हे झालेलं आहे. एका संकेतस्थळावरची तारीख धरून मी त्यांना घेऊन गेलो, तर जत्रा आठ दिवसांपूर्वीच आटोपलेली. देवळासमोर एक बाई कागदी पेले गोळा करत होती. तिने आमच्याकडे बघून विचारलं, "आता इलास?"

काही जत्रांना तर तिथीही नसते. मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडी देवी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल, मुंबईहून जादा गाड्या सुटतात आणि सगळ्या पक्षांचे पुढारी रांग मोडून दर्शन घेतात ती. तिचा दिवस कौल लावून ठरतो. देवाच्या अंगावर ओले तांदूळ नाहीतर फुलाच्या पाकळ्या चिकटवून प्रश्न घालतात. कुठल्या बाजूची पाकळी पडते त्यावरून होय की नाही ते कळतं, हा कौल. जत्रा २०२३ मध्ये ४ फेब्रुवारीला होती, २०२४ मध्ये २ मार्चला, २०२५ मध्ये २२ फेब्रुवारीला. तुमच्या सुट्टीत ती येणारच नाही. आली असती तरी लहान मुलांना घेऊन त्या गर्दीत जा असं मी सांगितलं नसतं. कुणकेश्वरची जत्राही महाशिवरात्रीची. गावोगावचे देव तरंगं (देवाच्या सजवलेल्या काठ्या) आणि पालख्या घेऊन समुद्रस्नानाला येतात, ते बघण्यासारखं असतं खरं, पण त्यासाठी फेब्रुवारी-मार्चात परत या.

मग डिसेंबरअखेर तुमच्यासाठी काय? माझं एकच सांगणं आहे: एका लहान गावाची जत्रा पकडा, आणि तिथे रात्र काढा.

या जत्रांना आमच्याकडे दहीकाला म्हणतात, बोलताना 'धयकालो'. कार्तिकात सुरू होतात, मार्गशीर्षात रेलचेल असते, नंतरही अधूनमधून चालू राहतात. भात कापून, झोडून कणगीत गेलेलं असतं, लोकांना सवड असते. दिवसभर देवीची ओटी भरायला बायका येतात, माहेरवाशिणी येतात. संध्याकाळी गाऱ्हाणं होतं. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवासमोर उभा राहून गावाची सगळी दुखणी-खुपणी एका दमात सांगतो, आणि दर वाक्याला मागून सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मुलांना हे फार आवडतं, दोन-तीनदा ऐकलं की तीही ओरडायला लागतात. मग पालखी देवळाभोवती फिरते, आणि त्यानंतर, रात्री अकरा म्हणा, बारा म्हणा, दशावतार, म्हणजे पुराणातल्या कथांचं आमचं लोकनाट्य.

दशावताराबद्दल तुम्ही वाचलं असेलच, पण हॉटेलच्या हिरवळीवर पर्यटकांसाठी पाऊण तासाचा जो खेळ लावतात त्यावरून मत बनवू नका. देवळासमोरच्या मांडवात तो बघा. आणि खेळ सुरू व्हायच्या तासभर आधी जा, देवळाच्या मागच्या बाजूला. तिथे दशावतारी नाटक कंपनीचे लोक रंगायला बसलेले असतात. चटईवर मांडी घालून, एका हातात छोटा आरसा, दुसऱ्या हाताचं बोट रंगात. प्रत्येक जण आपलं तोंड आपणच रंगवतो, रंगभूषाकार नसतो. स्त्रियांची कामं पुरुषच करतात. मी एकदा असाच घुटमळत होतो, तर अर्धवट नेसलेली द्रौपदी मला म्हणाली, "वायच बॅटरी मार रे हय, दिसणा नाय." मी मोबाईलचा उजेड धरला आणि तिने शांतपणे भुवई काढली. तासाभराने त्याच बाईने वस्त्रहरणाच्या प्रसंगाला मांडवातल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं.

हातात संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, आणि मग रंगमंचावर ज्याने त्याने आपलं भाषण उभ्या उभ्या रचायचं. समोरच्याने पुराणातला अवघड दाखला काढला तर त्याला तसंच उत्तर द्यायचं, नाहीतर प्रेक्षकच हसतात. नेपथ्य म्हणजे मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच कैलास, तोच ऋषींचा आश्रम. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज, बस. युद्धाची वेळ आली की पखवाजवाला असा काही पेटतो की झोपलेली पोरं दचकून उठतात. सुरुवातीला आडदशावतार असतो. गणपती येतो, सरस्वती येते, मग काळा बुरखा घातलेला, लाल जीभ लोंबणारा संकासुर. तो मालवणीत टवाळी करतो आणि शेवटी विष्णूकडून मरतो. हल्ली हा भाग उरकतात, काही ठिकाणी गाळतातच. माझ्या मते तिथेच खरी गंमत होती, पण आता कंपन्यांना ट्रिकसीनचा नाद लागलाय. धूर, दिवे, मोठा बनावटी नाग. लोकांना आवडतं, मला नाही आवडत. असो.

वालावलकर, मोचेमाडकर, आरोलकर, पार्सेकर, चेंदवणकर ही जुन्या कंपन्यांची नावं कानावर पडली तर तिकडे वळा. पूर्वी हे लोक पेटारा डोक्यावर घेऊन या गावातून त्या गावात चालत जायचे. पेटाऱ्यात देवांचे मुखवटे आणि अलंकार असतात, त्याचीही पूजा होते. आता टेम्पो असतो, पेटारा आत, कलाकार त्याच्या बाजूला बसून झोपलेले. रात्रभर खेळ, सकाळी दुसरं गाव, संध्याकाळी पुन्हा रंग. हे हंगामभर.

पहाटे, उजाडायच्या बेताला, आख्यान संपतं आणि काला होतो. दह्याची हंडी फोडतात, तिचा प्रसाद सगळ्यांना वाटतात. लहानपणी आमची झोप याच वेळी मोडायची. चटईवर आईच्या पदराखाली, अंगावर शाल, आणि एकदम गलका. तुमची धाकटी झोपली तर झोपू द्या, तिथेच चटईवर झोपू द्या. आजूबाजूला अर्धा मांडव तसाच झोपलेला असतो, कुणी काही म्हणत नाही. मात्र स्वेटर आणि कानटोपी न्या. कोकणात कसली थंडी, असं म्हणून पुण्याचे लोक हात हलवत येतात आणि तीन वाजता दहिवर पडायला लागलं की चहाच्या टपरीला चिकटून बसतात.

खाण्याबद्दल. जत्रेत खाजं घ्या. बेसनाची कांडी तळून गुळाच्या पाकात घोळवलेली, पाकात आलं. काही ठिकाणी दुकानदार तिथेच मोठ्या कढईत पाक करून घोळवतो. तो पाक कांड्यांवर पांढुरका होऊन सुकेपर्यंत उभं राहायचं आणि कोमट असतानाच खायचं. पिशवीत बंद होऊन घरी गेलेल्या खाजाला ती चव नाही. खटखटे लाडू मिळतील, त्यांचा आवाज नावासारखाच, दात सांभाळा. भजी, चहा, फुगे, प्लॅस्टिकची बंदूक हे सगळीकडचंच.

आता जत्रा शोधायची कशी. तिकडे पोचलात की सकाळी सिंधुदुर्ग आवृत्तीचं कुठलंही वर्तमानपत्र घ्या. आतल्या पानावर त्या दिवशी कुठे कुठल्या कंपनीचा खेळ आहे ते बारीक अक्षरात असतं. कुडाळ किंवा सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर चहावाल्याला विचारा, त्याला पाठ असतं. रस्त्याने जाताना फाट्यांवर 'वार्षिक जत्रोत्सव' असे बॅनर दिसतील. देव वरच्या कोपऱ्यात असेल आणि पुढारी मधोमध, पण तारीख बरोबर असते. राहायला कुडाळ किंवा सावंतवाडी बरं, तिथून बहुतेक गावं तासाभरात. रेल्वेने कुडाळला नाहीतर सावंतवाडी रोडला उतरा. विमानाने गोव्यातलं मोपा सोयीचं पडेल.

दिवसा आरवलीला जा, वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याच्या अलीकडे. तिथल्या वेतोबाच्या पायाशी हातभर लांबीच्या चामडी चपलांचे जोड ठेवलेले दिसतील. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजवतो, म्हणून नवस फेडणारे नवा जोड घालतात. जुन्यांचे तळवे झिजलेले असतात असं लोक सांगतात. तुमचा मोठा मुलगा उलटून बघणार, बघू दे. दुसरा नवस केळ्यांच्या घडांचा. मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, म्हणून गावात घराला फणसाचं लाकूड वापरत नाहीत असं सांगतात. तिथून पुढे शिरोड्याची मिठागरं आहेत, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातली. वि. स. खांडेकर याच गावच्या शाळेत शिक्षक होते.

नाताळ म्हणाल तर सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण तिन्हीकडे ख्रिस्ती वस्ती आहे. दारात येशूजन्माचे गोठे करतात, २४ च्या रात्री चर्चमध्ये गर्दी असते. ओळखीचं घर असेल तर दोदोल, नेवऱ्या असं नाताळचं गोडधोड खायला मिळेल. गोव्यासारखा गाजावाजा नाही, आणि मला वाटतं तेच बरं. त्याच दिवसांत नगरपालिकांचे पर्यटन महोत्सव भरतात. मंच, ऑर्केस्ट्रा, मुंबईहून आणलेला एखादा नट, खाण्याचे स्टॉल. संध्याकाळ जाते, त्याहून जास्त काही नाही. सुट्टी जानेवारीत सरकली तर म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा बघा, सावंतवाडीहून लांब नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या नशिबात असेल तरच. आचऱ्याची गावपळण. मालवण तालुक्यातलं हे मोठं गाव काही वर्षांनी एकदा, रामेश्वराचा कौल झाला की, अख्खं रिकामं होतं. तीन दिवस तीन रात्री. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी वेशीबाहेर. झाडांखाली, नदीच्या काठाला झोपड्या घालून राहतात. हिंदू-मुसलमान सगळे बाहेर पडतात. बाजारपेठेला कुलूप, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि वेशीबाहेर चुली, भजनं, पत्त्यांचे डाव, रात्रीची फुगडी. परत आत शिरायलाही पुन्हा कौल घ्यावा लागतो. गेली गावपळण डिसेंबर २०२४ मध्ये झाली, त्यामुळे आणखी काही वर्षं वाट बघावी लागणार. वैभववाडी तालुक्यातल्या शिराळ्यात मात्र दरवर्षी पौषात होते. गाव लहान आहे. तिकडे गेलात तर एवढंच करा: रिकाम्या गावात फोटो काढायला शिरू नका, आणि ड्रोन तर अजिबात नको. झोपड्यांकडे जा, हाक मारा, चहा मिळेल.

जायचं नक्की झालं आणि कुठे राहणार ते ठरलं की खाली प्रतिक्रियेत लिहा. त्या आठवड्यात आसपास कुठे काला आहे ते मी विचारून ठेवतो.